जस्तातून इलेक्ट्रॉन निघत नाहीत? दिवा बदलण्याआधी हे तपासा

प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढून दाखवायचा, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक परिणामाचा, हा प्रयोग. इलेक्ट्रोस्कोपवर (चार्ज मिळाला की त्यातलं धातूचं पातळ पान उघडतं, असं उपकरण) जस्ताची प्लेट ठेवली, ऋण चार्ज दिला, पान उघडलं, यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवा लावला. आता जस्तातून इलेक्ट्रॉन सुटून चार्ज कमी व्हायला हवा आणि पान मिटायला हवं. ते मिटत नाही, किंवा नको तेव्हा मिटतं. ज्युनियर कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत २२ वर्षं काम करताना हा एकच प्रयोग मी किती वेळा दुरुस्त केला असेल, याची गणती नाही. आजूबाजूच्या शाळांची खोकी माझ्याकडे येतात, आणि दहातल्या नऊ वेळा खोक्यातलं काहीच बिघडलेलं नसतं. म्हणून पैसे खर्च करण्याआधी हे वाचा.

तुमची तक्रार यातली कोणती ते आधी ठरवा:

अ) दिवा कितीही वेळ लावा, पान आहे तिथेच.
आ) दिवा लावायच्या आधीच पान हळूहळू मिटतं.
इ) पान मिटतं, पण दिवा आणि प्लेट यांच्यामध्ये काच धरली तरी मिटतच राहतं.
ई) चार्ज नसलेल्या प्लेटवर प्रकाश टाकला तर प्लेट धन होऊन पान उघडेल असं पुस्तकात वाचलं होतं, ते उघडत नाही.
उ) सुरुवातीला भराभर मिटतं, शेवटचा थोडा कोन तसाच राहतो.
ऊ) मागच्या आठवड्यात चालत होतं, आज नाही.

‘उ’ हा दोष नाही. चार्ज कमी होत गेला की प्लेटजवळचं विद्युत क्षेत्र दुबळं होतं आणि बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन दूर ढकलले जात नाहीत. शिवाय थोड्या चार्जला पान दादच देत नाही. ते सोडून द्या.

‘ई’ हाही दोष नाही, पण त्यावर मुलं इतकी हिरमुसतात की दोन शब्द सांगतो. पुस्तकातलं वाक्य खरं आहे. मात्र प्लेट जेमतेम अर्ध्या-पाऊण व्होल्टने धन झाली, की पुढचे इलेक्ट्रॉन तीच मागे ओढून घेते. आपल्या इलेक्ट्रोस्कोपचं पान स्पष्ट उघडायला काहीशे व्होल्ट लागतात. अर्धा व्होल्ट त्याला दिसणार कसा? हा भाग फळ्यावर शिकवा, पानावर दाखवायला जाऊ नका.

तपासणीआधी आकड्यांची एक जोडी लक्षात ठेवा. जस्ताचा सुटा, एकटा अणू घेतला तर त्यातला पहिला इलेक्ट्रॉन काढायला ९.३९ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) लागतात. पण धातूच्या तुकड्यात बाहेरचे इलेक्ट्रॉन कुठल्या एका अणूचे राहत नाहीत, सगळ्यांचे सामाईक होतात. त्यामुळे जस्ताच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला साधारण ४.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. यालाच वर्क फंक्शन म्हणतात. प्रकाशाच्या एका कणाकडे, म्हणजे फोटॉनकडे, किती ऊर्जा आहे ते काढायचं तर १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा. उत्तर इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये येतं. ४.३ साठी तरंगलांबी येते सुमारे २८८ नॅनोमीटर. याहून लांब लहरींचा प्रकाश कितीही ओता, जस्त ढिम्म राहतं. पुढची जवळपास प्रत्येक तपासणी या एका आकड्याभोवती फिरते.

पहिली तपासणी: दिवा न लावता दोन मिनिटं बघत बसा

खर्च शून्य, आणि हीच सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते. प्लेटला चार्ज द्या, हात लांब घ्या आणि घड्याळ लावा. दोन मिनिटांत पान जाणवण्याइतकं मिटलं तर चार्ज कुठून तरी गळतोय. अशा अवस्थेत दिवा लावून काही दिसलं तरी ते दिव्यामुळे झालं की गळतीमुळे, हे सांगता येणार नाही. गळती थांबेपर्यंत पुढे जाऊच नका.

आमच्याकडे कोकणात जून ते सप्टेंबर ही तक्रार हमखास येते. लोक म्हणतात, दमट हवेतून चार्ज जातो. हवेतून नाही जात. दांडीभोवतीच्या इन्सुलेटरवर ओलाव्याचा अदृश्य थर बसतो आणि चार्ज त्या थरावरून सरकत खोक्याकडे जातो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण अख्खी खोली कोरडी करण्याची गरज उरत नाही, तेवढा एक डाग कोरडा केला की झालं. इन्सुलेटर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, मग हेअर ड्रायरची कोमट हवा हातभर लांबून द्या. पानावर झोत जाऊ देऊ नका, बर्फीवरच्या वर्खासारखं ते फाटतं. पुसल्यावर त्या जागेला बोट लावायचं नाही. घामातलं मीठ तिथे राहिलं की संध्याकाळपर्यंत पुन्हा गळती सुरू. पावसाळ्यात मी इलेक्ट्रोस्कोप ६० वॅटचा बल्ब लावलेल्या कपाटात ठेवतो आणि तासाच्या दहा मिनिटं आधीच बाहेर काढतो.

‘आ’ आणि ‘इ’ या तक्रारी बहुतेक वेळा इथेच संपतात.

दुसरी तपासणी: चार्ज खरंच ऋण आहे का?

‘अ’ तक्रारीचं पहिल्या नंबरचं कारण हेच. शेजारच्या तालुक्यातल्या एका मॅडम दोन वर्षांपूर्वी अगदी काकुळतीला येऊन म्हणाल्या, “दादा, नवीन दिवा आणला, नवीन प्लेट आणली, तरी पान हलत नाही.” मी म्हटलं, “मॅडम, चार्ज कसा देता तेवढं दाखवा.” त्यांनी एबोनाइटची (कडक रबराची) कांडी लोकरीवर घासली, प्लेटजवळ आणली, दुसऱ्या हाताचं बोट प्लेटला क्षणभर टेकवलं, बोट काढलं, मग कांडी दूर नेली. पान छान उघडलं. पद्धत निर्दोष होती, पण त्याला प्रवर्तन म्हणतात, आणि प्रवर्तनाने मिळणारा चार्ज कांडीच्या उलट असतो. ऋण कांडीने त्या रोज प्लेट धन करत होत्या.

धन प्लेटमधून इलेक्ट्रॉन का सुटत नाही, याचा हिशेब करून पाहा. योग्य दिव्याचा (तो कोणता ते पाचव्या तपासणीत) ४.८८ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन आला, त्यातले ४.३ बाहेर पडण्यात गेले, इलेक्ट्रॉनच्या हातात उरले जेमतेम ०.५८. वेग म्हणाल तर सेकंदाला साधारण साडेचारशे किलोमीटर, ऐकायला प्रचंड. पण काहीशे व्होल्ट धन असलेल्या प्लेटच्या ओढीपुढे त्या ०.५८ चं काहीच चालत नाही. तो निघतो आणि तिथेच परत जातो.

उपाय दोन. एबोनाइटची कांडी किंवा लोकरीवर घासलेला पीव्हीसी पाइप प्लेटच्या कडेवर सरळ घासून ओढा. स्पर्शाने चार्ज तोच मिळतो, ऋण. किंवा प्रवर्तनच करायचं असेल तर रेशमावर घासलेली काचेची कांडी वापरा. (पावसात काचेची कांडी चार्ज धरत नाही, तेव्हा पीव्हीसीच बरा.) खात्री करायची तर उघडलेल्या पानाच्या इलेक्ट्रोस्कोपजवळ घासलेला पीव्हीसी पाइप वरून हळूच आणा. पान आणखी उघडलं तर चार्ज ऋण, मिटू लागलं तर धन.

मॅडमचं पान त्या दिवशी वीस सेकंदांत मिटलं. त्यांनी लगेच मुद्दाम धन चार्ज देऊन पुन्हा दाखवायला सांगितलं, आणि मला तेच फार आवडलं. न मिटणारं पानही मुलांना दाखवा. ऋण प्लेट चार्ज सोडते आणि धन सोडत नाही, हीच तर १८८८ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म हालवॉक्सच्या हाती लागलेली गोष्ट. इलेक्ट्रॉन तेव्हा सापडलासुद्धा नव्हता. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसनने तो १८९७ मध्ये दाखवला आणि प्रकाशाने धातूतून निघणारे कण तेच आहेत हे १८९९ मध्ये सिद्ध केलं.

धन प्लेटचं पानही दिव्याखाली मिटत असेल आणि गळती नसेल, तर यूव्ही आजूबाजूच्या धातूवर पडतंय का बघा. दिव्याचं कव्हर, स्टँडची दांडी, खोका: त्यांच्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन धन प्लेटकडे ओढले जातात. पुठ्ठ्याला भोक पाडून प्रकाश फक्त प्लेटवर पडेल असं करा.

तिसरी तपासणी: वाटेत काच आहे का?

साधी काच ३०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश जवळपास पूर्ण अडवते. आपल्याला हवा आहे २८८ च्या खालचा. म्हणजे डोळ्यांना स्वच्छ पारदर्शक दिसणारी काच या प्रयोगापुरती भिंत आहे. दिव्याच्या पुढची संरक्षक काच, अ‍ॅक्रिलिकची पेटी, धूळ बसू नये म्हणून गुंडाळलेलं प्लास्टिक, सगळं तपासा. क्वार्ट्झ मात्र चालतं, त्यातून हा प्रकाश आरपार जातो.

१८८७ मध्ये हाइनरिश हर्ट्झला हेच आधी दिसलं होतं. एका ठिणगीच्या उजेडात दुसरी ठिणगी सहज पडत होती, मध्ये काच धरली की अडखळत होती, क्वार्ट्झ धरलं तर नाही. तेव्हा काच काढून टाका, पण फेकू नका. प्रयोग चालू लागला की तोच तुकडा मध्ये धरा: पान थबकेल. काढा: पुन्हा मिटू लागेल. हे दिसलं की प्रयोग पक्का झाला.

चौथी तपासणी: पॉलिश पेपर

पाच-दहा रुपयांचं काम आहे. हवेत जस्तावर ऑक्साइडचा आणि पुढे कार्बोनेटचा करडा थर चढतो. इलेक्ट्रॉन बाहेर येतो तो पृष्ठभागाच्या अगदी वरच्या काही नॅनोमीटरमधून; खोलवर सुटलेला वाटेतच ऊर्जा गमावतो. त्यामुळे डोळ्यांना जेमतेम दिसणारा थरही त्याला पुरून उरतो. ‘मागच्या आठवड्यात चालत होतं’ याचं उत्तर सहसा इथे असतं.

बारीक नंबरचा, नवा पॉलिश पेपर घ्या. लोखंड किंवा पितळ घासलेला नको, त्याचे कण जस्तात रुततात. प्लेट चकचकीत दिसेपर्यंत घासा, कोरड्या कापडाने पुसा, घासलेल्या बाजूला बोट लावू नका, आणि लगेच प्रयोग करा. सकाळी घासून दुपारच्या तासाला नेऊ नका. मी तर मुलांसमोरच घासतो. अमेरिकेत रॉबर्ट मिलिकनला सोडियम, पोटॅशियम आणि लिथियमवर हाच प्रयोग काटेकोर करायचा होता, तेव्हा त्याने निर्वात नळीच्या आत चाकू बसवून धातूचा ताजा पृष्ठभाग तासण्याची सोय केली होती. १९१६ मध्ये त्याची मापं आली आणि आइन्स्टाइनचं १९०५ चं समीकरण (फोटॉनच्या ऊर्जेतून वर्क फंक्शन वजा केलं की इलेक्ट्रॉनकडे जास्तीत जास्त उरते ती ऊर्जा) खरं ठरलं. आपलं पॉलिश पेपरचं काम त्याच जातीचं आहे, कमी लेखू नका.

प्लेट म्हणून छपराच्या पत्र्याचा तुकडा वापरत असाल तर बदला. त्यावरचा जस्ताचा थर पातळ असतो आणि बऱ्याचदा त्यावर रासायनिक लेप असतो. घासता घासता लोखंड लागतं. प्रयोगशाळेतल्या जुन्या डॅनियल सेलची (जस्त-तांब्याच्या विद्युतघटाची) जस्ताची पट्टी उत्तम चालते. आणखी जोरदार परिणाम हवा असेल तर मॅग्नेशियमची फीत घासून घ्या, तिचं वर्क फंक्शन ३.६६ आहे.

पाचवी तपासणी: दिवा नेमका कोणता आहे?

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. ‘यूव्ही’ एवढंच पाहून दिवा घेतला जातो. नोटा तपासायच्या यंत्रातला दिवा ३६५ नॅनोमीटरचा: १२४० भागिले ३६५, म्हणजे ३.४०. जांभळी एलईडी टॉर्च ३९५ ची: ३.१४. दोन्ही ४.३ च्या खाली. नोटेतले धागे झगझगीत चमकतील, पण जस्तातून इलेक्ट्रॉन निघणार नाही, मॅग्नेशियममधूनसुद्धा नाही. हवा तो जंतुनाशक नळीचा २५४ नॅनोमीटरचा प्रकाश: ४.८८.

ओळख सोपी आहे. दिवा बंद असताना नळी बघा. जंतुनाशक नळी आरपार पारदर्शक असते, दोन्ही टोकांच्या तारा दिसतात. आतून पांढरा लेप असेल किंवा काच गडद जांभळी असेल तर ती कामाची नाही. छोट्या नळ्यांवर जी८टी५ असा ‘जी’ने सुरू होणारा क्रमांक किंवा ‘टीयूव्ही’ असेल तर बरोबर. ‘एफ’ने सुरू होऊन शेवटी बीएल किंवा बीएलबी असेल तर चूक.

हॅलोजन, एलईडी फ्लडलाइट, ऊन, यांच्या नादी लागू नका. एकदा एका सरांनी हजार वॅटचा हॅलोजन लावून प्लेट गरम केली, पान तसंच. प्रकाश वाढवला म्हणजे फोटॉनची संख्या वाढते, प्रत्येकाची ऊर्जा तेवढीच राहते. आणि एका इलेक्ट्रॉनला बाहेर काढायचं काम एकाच फोटॉनला करावं लागतं, दहा जणांनी वर्गणी काढून ते होत नाही. उन्हातला २९० च्या खालचा भाग वरच्या ओझोनमध्येच अडतो. स्पेक्ट्रोमीटरबरोबरचा पाऱ्याचा दिवा आतून हवा तो प्रकाश देतो, पण त्याची बाहेरची काच तो अडवते.

सहावी तपासणी: नळी म्हातारी झाली का?

सगळं बरोबर असून पान फारच सावकाश मिटत असेल तर. नळीचा निळसर उजेड बघून फसू नका. तो दिसणारा प्रकाश आहे. वापराने नळीची काच २५४ नॅनोमीटरला हळूहळू मंद होत जाते आणि निळा उजेड तसाच राहतो. आधी थंड नळी स्पिरिटने पुसा, बोटांचा तेलकटपणाही यूव्ही खातो. प्लेटपासून अंतर दहा सेंटिमीटरवर आणा, इलेक्ट्रोस्कोपचा खोका तारेने जमिनीला जोडा (अर्थिंग करा). तरीही फरक नसेल तर नळी बदला, हे आता समर्थनीय आहे.

इलेक्ट्रोस्कोपचं पानच चिकटलं, फाटलं असेल किंवा इन्सुलेटरला चीर गेली असेल तर मी स्वतः ते उघडत नाही. उपकरणं दुरुस्त करणाऱ्याकडे देतो. एकदा उघडून दोन पानं वाया घालवल्यावर हे शिकलो.

इथे थांबा

२५४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना आणि कातडीला भाजतो, आणि तेव्हा काहीच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग बघणाऱ्याला होतं तसंच. नळी कायम खाली तोंड केलेल्या पेटीत बसवा, पान काचेतून बघा, पॉलिकार्बोनेटचा गॉगल आणि लांब बाह्या घाला, मुलांना दोन मीटर लांब ठेवा. असा त्रास कुणाला झालाच तर घरगुती थेंब नकोत, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

पाऱ्याच्या दिव्याची बाहेरची काच फोडून आतली नळी उघडी वापरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो दिवा तसा वापरण्यासाठी बनवलेला नाही. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली नळी उपसून हातात धरून लावणंही नको. चोक, होल्डर, वायरिंग यांत दोष वाटला, पेटीला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. २३० व्होल्टवर आपली हुशारी चालवायची नाही. नळी फुटली तर खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, वीसेक मिनिटांनी जाड कागदाने तुकडे गोळा करून बंद डब्यात भरा. झाडू मारू नका, पारा पसरतो.

शेवटची गोष्ट मुलांच्या प्रश्नावरून येते. इलेक्ट्रॉन निघाला, आता प्रोटॉन, न्यूट्रॉनही काढून दाखवा, असं कुणीतरी म्हणतंच. धातूच्या पृष्ठभागातला इलेक्ट्रॉन काढायला आपल्याला ४.८८ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन पुरला. अणूचं केंद्रक फोडायला सगळ्यात सोप्यांपैकी एक म्हणजे ड्यूटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं. त्यातला प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वेगळे करायला फोटॉन २२ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा लागतो. भौतिकशास्त्रज्ञ चॅडविक आणि गोल्डहाबर यांनी ते १९३४ मध्ये केलं, किरणोत्सारी पदार्थाच्या गॅमा किरणांनी. शाळेच्या टेबलावर हे होत नाही आणि करायचं नाही.

पण या प्रश्नाच्या ओघात कधीकधी कपाटाच्या तळातून शिशाची जुनी डबी निघते, किरणोत्साराची खूण असलेली. इलेक्ट्रोस्कोप झटकन मिटवून दाखवायला पूर्वी असे स्रोत वापरले जात. अशी डबी दिसली तर ती उघडू नका, हलवू नका, खिशात घालून कुणाला दाखवायला तर मुळीच नेऊ नका. खोलीला कुलूप लावा, मुख्याध्यापकांना किंवा प्राचार्यांना लेखी कळवा आणि त्यांच्यामार्फत मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाशी, म्हणजे एईआरबीशी, संपर्क करा.